राहिलेलं काम

चर्चचं छप्पर दुरुस्त करताना सुतार तीस फुटांवरून खाली पडला आणि कपडे झटकत उठून उभा राहिला. फादर म्हणाले, "चमत्कार हा काही देखावा नसतो. तुझ्या हातून एखादं काम व्हायचं राहिलंय, त्याची ही खूण आहे."

आठवडाभर सुतार डोकं खाजवत होता. शेवटी बायकोला म्हणाला, "गावोगाव जाऊन या चमत्काराची साक्ष द्यावी म्हणतो."

"द्या की. पण आधी धाकट्या भावजींशी बोला. सात वर्षं झाली अबोला धरून." तिनं नंबर लावूनच फोन त्याच्या हातात दिला.

पहिल्याच रिंगला पलीकडून भावाचा आवाज आला,

"दादा, पडलास गेल्या सोमवारी आणि फोन आज होय?"