फुकट्या

"ताई, तिकडे दाराशी कोण असतं गं?" फुकट्यानं विचारलं.

ताई संत्रं सोलत होती. संत्रं शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचं होतं. फुकट्याच्या पाठीमागची दुसरी उशीही त्यांचीच. इस्पितळात आल्यापासून तिच्या या धाकट्या भावानं निम्मा वॉर्ड आपलासा करून टाकला होता.

"तिकडे म्हणजे कुठे?"

"वर." त्यानं डोळ्यांनीच छत दाखवलं. "डॉक्टर आज माझ्याकडे न बघता बोलले. म्हणजे निघायची वेळ झाली. म्हटलं, आधी दाराची चौकशी करावी."

ताईचा हात थांबला. दाराची चौकशी तिच्याकडे करणं बरोबरच होतं. तिची सगळी नोकरी एका सिनेमागृहाच्या दारात गेली होती. तिकीट घ्यायचं, अर्धं फाडायचं, अर्धं परत द्यायचं. बाई दारात असल्या की बिनतिकिटाची माशीसुद्धा आत जात नाही, असं मॅनेजर चारचौघांत सांगत.

फुकट्याचं सगळं उलट. बसमध्ये कंडक्टर पुढे असला की हा मागे, मागे आला की हा उतरलेला. लग्नात नवरीकडचे विचारत तेव्हा नवऱ्याकडचा, नवऱ्याकडचे विचारत तेव्हा नवरीकडचा. नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या. आईनं कपाळाला हात लावून म्हटलं होतं, "मुलगी नाव काढील, मुलगा मात्र फुकट गेला." पुढे ताईही तेच म्हणू लागली. भाऊ काय करतो, असं कुणी विचारलं की ती सांगायची, "काय करणार? फुकट गेला."

चर्चमध्ये ती पहिल्या बाकावर, तो आलाच तर शेवटच्या. बाक पुसायचे, वेदीवरचं कापड धुऊन इस्त्री करायचं, रविवारी मुलांकडून बायबलमधली वचनं पाठ करून घ्यायची, हे सगळं ताई बिनबोभाट करी. देव बघतोय, एवढं तिला पुरे होतं.

"मला आत घेतील का गं?" फुकट्या म्हणाला. या वेळी तो हसला नाही. "तू खोटं बोलत नाहीस म्हणून तुला विचारतो. मी सगळे खिसे झटकून बघितले. दाखवायला काही नाही. काही म्हणजे काहीच नाही."

आता आठवण झाली होय, असं ताईच्या अगदी ओठावर आलं. तिला राग आला होता. जन्मभर रांगेत उभं राहून तिकीट काढणाऱ्यांनी मग काय करायचं? पण तिनं त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी रस्ता ओलांडताना तो तिच्या फ्रॉकचं टोक मुठीत धरायचा. आत्ता चादरीचं टोक तसंच धरलं होतं.

देव तारतो तो त्याच्या कृपेनं, आपल्या कामांमुळे नव्हे, हे वचन तिला पाठ होतं. मुलांकडून तिनं ते कितीदा घोकून घेतलं होतं. पण ते ज्यांचं काहीच धड झालं नाही त्यांच्यासाठी आहे, आपल्यासाठी नव्हे, असं ती मनातल्या मनात धरून चालली होती.

"आमच्या सिनेमागृहाच्या मालकांच्या मुलानं तुला आत नेलं होतं, आठवतं?" तिनं विचारलं.

फुकट्याचा चेहरा उजळला. कसा विसरेल? खेळ हाउसफुल्ल होता. ताईनं सगळ्यांदेखत हात आडवा घालून सख्ख्या भावाला दारात अडवलं होतं. तेवढ्यात मालकांचा मुलगा मागून आला, त्यानं फुकट्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हा माझ्याबरोबर आहे." ताईला हात खाली घ्यावा लागला. त्या दाराचा नियमच होता. मालकांच्या मुलाबरोबर जो असेल त्याला तिकीट विचारायचं नाही. नंतर कितीतरी दिवस ती धुमसत होती.

"तेव्हा तू काय केलंस?"

"काय करणार? गेलो त्याच्याबरोबर."

"मी फार चांगला माणूस आहे, असं सांगितलंस त्याला?"

"कसं सांगू? तू समोरच उभी होतीस!"

ताईला हसू आलं. "तिकडेही तसंच आहे बघ. धन्याचा मुलगा स्वतः दाराशी येतो. आपल्यासाठी त्यानं जीव दिलाय. तो म्हणतो, हा माझ्याबरोबर आहे. आपण त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा आणि त्याच्याबरोबर चालायचं. तिथे तिकीटच नाही. कुणालाच नाही."

"म्हणजे फुकट?"

"आपल्याला फुकट. त्याला नाही."

फुकट्यानं तिच्याकडे मान वळवली.

"तुझंही तिकीट चालत नाही तिथे?"

ताईला सगळं आठवलं. ते पुसलेले बाक, ती इस्त्री, ती पाठ करून घेतलेली वचनं. खोटं तर तिला बोलता येत नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "माझंही नाही."

"अगं बाई!" फुकट्याला मनापासून वाईट वाटलं. "मग तुला जड जाईल. मला सवय आहे."

त्यानं संत्र्याच्या फोडी तिच्यापुढे धरल्या. दुसऱ्याचं ती कधी काही खात नसे. तिनं आजोबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. ताईनं फोड तोंडात टाकली आणि रडत रडत खाल्ली. फुकट्यानं डोळे मिटले होते. "येतो रे तुझ्याबरोबर," तो पुटपुटला. चादरीचं टोक त्याच्या मुठीतून सुटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

दफनानंतर शेजारीण ताईचा हात धरून उभी राहिली. "जीव लावणारा होता बिचारा," ती म्हणाली. "फक्त आयुष्य तेवढं..." आणि पुढचा शब्द गिळून गप्प झाली.

"फुकट गेला," ताईनं तिचं वाक्य पुरं केलं. तिनं डोळे पुसले. "मीही तशीच जाणार आहे."