बारावं चित्र

बाहेरून कडी पडली, वर कुलूप लागलं, तरी हाशिम सांगतच होता. ऐकायला कुणी नव्हतं.

समाजमंदिराची मागची खोली. फाटक्या सतरंज्या, मोडकी खुर्ची, गजांची एक खिडकी. खिडकीबाहेर तीस-चाळीस माणसं. त्यांच्या हातात त्याच्या पिशवीतला माल: दगड बांधलेली दोरी, खुरपं आणि जेवणाच्या डब्यातलं कापलेलं लिंबू.

"अमावस्या आन् लिंबू! आणखी काय पुरावा पायजे? गुप्तधन काढून राहिला होता भाड्या."

"बळीला अंडं बी न्हाई आणलं. चिंगूस मांत्रिक हाय."

लोक हसले. हसणारीच माणसं थोड्या वेळानं दगड उचलतात, हे हाशिमला माहीत होतं.

वसमतला पंपांच्या जळालेल्या मोटारी भरायच्या, नवी तार गुंडाळून द्यायच्या दुकानात तो अठरा वर्षं कामाला होता. दुकान दुसऱ्याचं. कारागिरांना महिन्यातून सुट्टी एकच, अमावस्येला. गर्दीतले निम्मे लोकही आज अमावस्या म्हणूनच औत न जुंपता घरी बसले होते. पण जमाव झाला की माणसं ठाऊक असलेलंच आधी विसरतात. त्यात नाव विचारल्यावर तो "हाशिम" म्हणाला. मग पुढचं कुणी विचारलंच नाही.

पोलीस जमादार डोंगरकड्याहून निघालाय, असं लोक म्हणाले. तो यायला दोन तास. तोवर ही कडी लोकांनी उघडली नाही म्हणजे मिळवली.

खिडकीशी एक बाई आली. पंचेचाळिशीची, समाजमंदिर झाडणारी. तिनं गजातून पाण्याचा तांब्या दिला.

"मी जिवनबाई," ती हळूच म्हणाली. "भाऊ, मीच वरडले. तुमी विहिरीत दोरी सोडून राहिले होते, माझा जीव उडाला. आता ही दांडगी पोरं तुमचे हात मोडायच्या गोष्टी करून राहिली. पाप मला लागंल."

"मग सांगा की त्यांना, ताई!"

"काय सांगू? मलाच समजलं न्हाई. जमादार पयलं मलाच इचारंल, पाह्यलं कुणी म्हणून. मी म्हणलं चूक झाली, तर तुमी सुटले. पण मला पटू तर द्या."

हाशिमनं शर्टाच्या आतून पुस्तक काढलं. पोटाशी धरून धरून ते घामानं ओलं झालं होतं.

"हे बघा. यात बारा चित्रं. पुस्तक काढणाऱ्यांनी तांब्याचं एक कासव पुरलंय कुठंतरी. चित्रांतली कोडी घरी बसून सोडवायची, जागा काढायची. कासवाच्या पोटाखाली नंबर आहे. तो फोनवर सांगितला की पाव किलो सोन्याचं कासव. ज्यानं सांगितला त्याचं."

"अगं माय! खोटं तर न्हाई?"

"दोन वर्षं खुर्चीत बसून डोळे फोडलेत मी. बायको म्हणते, पुस्तकाशीच निकाह लावा. अकरा चित्रांनी जिल्हा दिला, तुमचं गाव दिलं, गायरानातली जुनी विहीर दिली."

"आन् बारावं?"

हाशिमनं पुस्तक मिटलं. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. ते कासव म्हणजे त्याच्या नावाची पाटी, त्याचं शटर, मालकाच्या शिव्यांतून सुटका.

खिडकीच्या पत्र्यावर दगड आदळला.

"ए जिवने, हो बाजूला! चहा पाजून राहिली का जावयाला?"

"मुडद्यांनो, दम धरा!" ती मागं वळून कडाडली. मग पुन्हा गजाशी आली. "भाऊ, टाइम न्हाई. विहीर दोरीनं काहून मोजली? तेच लोकांना खटकलं. तेवढं सांगा, म्हंजे मला शपथ घेता यील."

दुसरा दगड गजातून आत आला. हाशिमच्या कपाळाला लागला. रक्त भुवईवर उतरलं.

"बारावं चित्र बैलाचं आहे," तो भरभर बोलू लागला. "खाली एकच ओळ. मी वर येते तेव्हा तो थांबतो, तो थांबतो तिथं शोध. लोक विहिरीत शोधतात, काठ उकरतात. पण वर येते ती मोट. पाण्यानं भरलेली. मोट वर आली की बैल थांबायचे, कुठं? धावेच्या टोकाला. बैल जिथपर्यंत उतरत जायचे ती धाव. जेवढी विहीर खोल, तेवढी धाव लांब. आता धाव बुजली, तिथं सगळं तरवड माजलंय, म्हणून खोली मोजली. अठ्ठेचाळीस फूट. मोटेच्या दगडांपासून उताराकडं अठ्ठेचाळीस फूट. उकरायचंच राहिलं होतं, तेवढ्यात तुमी..."

"वरडले," जिवनबाईनं पदरानं तोंड पुसलं. "आता पटलं मला. थांबा, बघते यांच्याकडं."

ती गर्दीत शिरली. हाशिमनं तिचा आवाज ऐकला. "साधा माणूस हाय तो! पुस्तकाचा नाद लागलेला. हात लावाल तर जमादाराला तुमचीच नावं सांगंन!" कुणी कुरकुरलं, कुणी हसलं. दगड थांबले. ऊन कलेपर्यंत गर्दी पारावर जाऊन तंबाखू मळत बसली.

हाशिम भिंतीला टेकून रडला. गेल्या कित्येक वर्षांत त्याच्या बाजूनं एवढं कुणी बोललं नव्हतं.

जमादार आला तेव्हा खोली उघडली गेली. त्यानं पुस्तक उलटसुलट पाहिलं.

"बाई कुठाय ती, वरडणारी?"

"इथंच होती की आत्ता," गर्दीतलं कुणी म्हणालं.

"बरं. मागं फोन नंबर छापलाय. लावून बघू, हा खरा का खोटा."

त्यानं फोन लावला, स्पीकर चालू केला. हाशिमनं हात जोडले. पलीकडून माणूस मोकळेपणानं हसला.

"सोडा साहेब त्यांना, पुस्तक आमचंच आहे. पण त्यांना सांगा, थोडक्यात हुकलं. अर्ध्या तासापूर्वी त्याच गावातून कासवाचा नंबर आला, बरोबर निघाला. जिवनबाई म्हणून आहेत. त्याच म्हणाल्या, अकरा चित्रं त्यांनी कधीच सोडवली होती; बारावं सुटलेला माणूस विहिरीवर येईल म्हणून दोन वर्षं वाट पाहत होत्या."