भुंडी गाडी

दुधाची वाटी हातात धरून बुतेदने गाडीला तिसरा फेरा घातला, तरी दूध लावायचं कुठे ते काही तिला उमगेना.

लेक निघाली होती. राजधानीत, तीन वर्षं शिकायला. घरचं माणूस लांब निघालं की आईने बैलाच्या कपाळाला आणि गाडीच्या दांड्यांना दूध लावायचं, मगच चाक हलायचं. या गाडीला ना बैल, ना दांड्या! पुढे नुसतं लोखंडी थोबाड.

"काय म्हणतात रे हिला?"

"मुखार तेरेग, मावशी. भुंडी गाडी," ड्रायव्हर गोंबो म्हणाला.

"नाव कळलं. भुंडी कशी ते सांग. शिंगं गाईला असतात, गाडीला कुठली?"

"अहो, तुमच्या गाडीच्या दांड्या शिंगांसारख्या पुढे येतात ना? हिला त्याच नाहीत."

"अगं बाई! म्हणजे नाव ठेवणाऱ्यानेही आधी बैलच शोधला म्हणायचा!"

बुतेदला भारी गंमत वाटली. तिने गोंबोला पुढचं झाकण उघडायला लावलं आणि आत डोकावली. तेलाचा वास, तापलेलं लोखंड. तिने बोट पुढे केलं.

"हां हां मावशी, भाजेल!"

मग दिव्याला लावावं? की चाकाला? मागच्या बाकावरून ल्हामा वैतागली, "आई, लाव गं कुठेही. उशीर होतोय."

"कुठेही कसं? बैलाला उगाच नाही लावत. गाडीवान झोपला तरी बैल वाट विसरत नाही. बर्फातून, धुक्यातून गाडी बरोबर दारात आणून उभी करतो." ती गोंबोकडे वळली. "काय रे, ही येते का अशी आपली आपण घरी?"

"छे हो! ही काय, वळवाल तिकडे वळते."

बुतेदचं हसू मावळलं. सकाळपासून कामाच्या गडबडीत दाबून ठेवलेली भीती आता एकदम वर आली. पोर तिकडेच रमली तर?

ती पायरीवर चढली, दुधात बोट बुडवलं आणि लेकीच्या कपाळाला लावलं.

"अगं आई, हे बैलाचं ना?" ल्हामा खुदकन हसली.

"हसू नकोस," बुतेद म्हणाली. "परतीची वाट आता तुलाच लक्षात ठेवायची आहे."