शंभरची लाइन

आई संध्याकाळी सहापर्यंत तग धरेल, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याआधी तिच्या आठवणी उतरवून घ्यायच्या होत्या, तीनशे साठ गिगाबाइट. घरची इंटरनेटची लाइन शंभरची. तासाभरात होईल, असा हिशेब रेवतीनेच केला. म्हणून सकाळी यंत्र न लावता तिने आईला नातवंडांशी बोलू दिलं, मऊ भात भरवला.

पाचला तंत्रज्ञ लोखंडे आले. आईच्या डोक्याला पट्टा बांधून त्यांनी पडद्यावरचा वेग पाहिला.

"ताई, आठ तास लागतील."

"अहो, शंभरची लाइन आहे."

"शंभर मेगाबिटची. तुम्ही मेगाबाइट धरलेत. आठ बिटांचा एक बाइट होतो."

रेवती खाली बसली. "मग येतील तेवढ्या घ्या."

"त्या लहानपणापासून क्रमाने येतात," लोखंडे तिच्याकडे न बघता म्हणाले.

सहाला आईचा श्वास थांबला. बहात्तर वर्षांपैकी नऊच उतरली होती.

लोखंड्यांनी उतरलेल्या आठवणींवर यंत्र बोलतं करून दिलं. रेवती पडद्याजवळ सरकली. "आई?"

आतून बारीक, घाबरलेला आवाज आला.

"काकू, माझी आई कुठे आहे?"