एक फेरा पुढे, अर्धा मागे

न कळवताच कवठेकरकाका दारात उभे राहिले. बोटाला पट्टी, हातात कागदात गुंडाळलेले दहा नवे रॉड.

आमच्या क्लबच्या रिमोटवरच्या विमानांची शेपटी हलवणाऱ्या या पोलादी रॉडना ते हातानं आटे पाडतात. एक फेरा पुढे, अर्धा मागे, थेंबभर तेल. पण आता हात थरथरतो, आटे तिरके पडतात. गेल्या वर्षी त्यांचा रॉड हवेतच सुटला आणि माझं विमान डोंगरावर आपटलं. मी त्यांना वारा होता म्हणून सांगितलं. तेव्हापासून बाजारातले रॉड लावतो आणि त्यांना म्हणतो, "काका, तुमच्या हाताची सर मशीनला नाही."

मी आडवा येण्याआधीच बायको त्यांना तिचे टोमॅटो दाखवायला गॅलरीत घेऊन गेली. प्रत्येक कुंडीत आधाराला त्यांचा एकेक रॉड रोवलेला होता.

त्यांच्या हातातले रॉड बघून ती हसली. "म्हणजे या काड्या तुम्हीच देता होय! फार उपयोगी पडतात. पुढच्या वेळी जरा लांब कराल?"

काकांनी कुंडीतल्या एका रॉडच्या टोकावरून अंगठा फिरवला. त्या आट्यांवर नट कधी चढलाच नव्हता. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"किती लांब करू, सूनबाई?"