तारे देणाऱ्याने समोर यावं

पक्कडताई खुर्चीवरून उठायला तयार नव्हती. काचेपलीकडच्या अधिकाऱ्याने तिला तिसऱ्यांदा सांगितलं की तक्रार ॲपवरच नोंदवा, इथे तशी सोय नाही.

"नोंदवली की," ती म्हणाली. "सात वेळा. सातही वेळा तीन सेकंदांत उत्तर आलं, आम्ही आपल्या भावना समजू शकतो. माझ्या आईला तीस वर्षांच्या संसारात बाबांच्या भावना कळल्या नाहीत. तुमच्या यंत्राला तीन सेकंदांत कळतात?"

मागच्या बाकावर बसलेले तिचे बाबा उगाच खाकरले.

पक्कडताई घरोघरी जाऊन मिक्सर, पंखे, वॉशिंग मशिन दुरुस्त करायची. मागच्या खिशात कायम पक्कड, म्हणून हे नाव. पूर्वी लोक गॅलरीतून हाक मारून बोलवायचे. मग हाका बंद झाल्या आणि सगळे फोनवरून कारागीर मागवू लागले, तेव्हा तीही ॲपवर गेली. सुरुवातीला तिचं रेटिंग चार पूर्णांक आठ होतं. इतर कारागीर निघताना दारात घुटमळत, पाच तारे द्या हां, म्हणून विनवत. ती कधीच नाही. काम चोख असेल तर ते आपोआप बोलेल, असं ती म्हणे.

गेल्या सहा महिन्यांत मात्र काहीतरी बिनसलं. कुणीतरी एकच तारा दिला. मग आणखी कुणीतरी. खाली तक्रारीचा एक शब्द नाही, नुसता तो एकुलता एक तारा. तारे घटले तशी ॲपने कामं पाठवणं कमी केलं, आणि काल निरोप आला की सोमवारपासून तुमचं नाव यादीतून काढण्यात येईल. तिला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही करायचंही नव्हतं.

तिचा पहिला संशय बाजारातल्या दुकानदारावर. त्याचा दुरुस्तीचा धंदा तिच्यामुळे बसला होता. ती थेट त्याच्या दुकानात शिरली, तेव्हा बिचाऱ्याने आपला बटणांचा जुना फोन काढून दाखवला. तरी तिला त्याची खात्री वाटली नाही.

तिच्या पाठीशी ठाम उभे होते ते फक्त बाबा. शाळेत एकतीस वर्षं खेळाचे शिक्षक, त्यामुळे गल्लीत त्यांना शिट्टीसर म्हणत. शर्यतीच्या शेवटच्या रेषेवर उभं राहून धापा टाकत येणाऱ्या पोरांच्या हातात नंबरांच्या चिठ्ठ्या कोंबणारे ते सर. निवृत्तीनंतर मरगळले होते, पण नवा फोन हाती आला आणि लेकीच्या लढाईत त्यांना पुन्हा मैदान सापडलं. सकाळी फिरायला येणाऱ्या चौदा म्हाताऱ्यांना त्यांनी दम भरला होता की घरातलं काहीही बिघडलं तर माझ्याच मुलीला बोलवायचं, आणि तेही ॲपवरूनच. स्वतःच्या खोलीतला पंखासुद्धा त्यांनी रीतसर नोंदवून तिच्याकडून दुरुस्त करून घेतला.

चौदाही घरांत तिचं कौतुक व्हायचं. काम एक नंबर, असं म्हणत म्हातारे तिला दारापर्यंत सोडायला येत. जग उलटलं तरी ही चौदा घरं आपली आहेत, या विचाराने तिला धीर यायचा.

गेल्या महिन्यात जेवताना सरांनी विचारलं होतं, "कितीवर आलीस?"

"दोनवर आलेय, बाबा."

सरांनी घास खाली ठेवला. "दोनवर राहणारी माणसं नाही आपण. बघतो मी."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फिरणं सोडून म्हाताऱ्यांची शाळाच घेतली. कुणाची इस्त्री, कुणाचा गिझर, नसलेले बिघाडही निघू लागले. ताई राबली. रेटिंग तरीही घसरलं. तेव्हा तिने ठरवलं की आता ॲपच्या ऑफिसात जायचं आणि गुन्हेगार कळल्याशिवाय उठायचं नाही.

"ग्राहकांची नावं गोपनीय असतात," अधिकारी म्हणाला.

"चोराला शिक्षा देतानासुद्धा फिर्यादी कोण ते सांगतात. माझा गुन्हा सांगा, नाहीतर फिर्यादी दाखवा. तारे देणाऱ्याने समोर यावं."

बाकावरच्या रांगेतला एक टॅक्सीवाला उभा राहिला. याच ॲपवरचं त्याचंही खातं असंच एका सकाळी बंद झालं होतं, कारण न सांगता. मग एक पार्सल पोचवणारी उठली. दाखवा, दाखवा, असा गलका सुरू झाला. अधिकारी सुरक्षारक्षकाला हाका मारू लागला, पण त्या गोंगाटात त्याला कोण ऐकतंय. तेवढ्यात सरांनी खिशातली शिट्टी काढली आणि अशी फुंकली की अख्खं ऑफिस चिडीचूप.

आतल्या केबिनमधून मोठ्या बाई बाहेर आल्या. सगळं ऐकून घेऊन, घड्याळाकडे बघून त्या अधिकाऱ्याला म्हणाल्या की सहा महिन्यांत कोणी काय दिलं ते दाखवून टाक आणि हे मिटव.

पडदा तिच्याकडे वळला. पक्कडताईने बाह्या सरसावल्या.

"मोठ्याने वाचणार आहे," ती रांगेला म्हणाली. "कळू दे सगळ्यांना, कोण आहेत ते."

तिने तोंड उघडलं आणि ती तशीच थांबली. बोट पडद्यावरून हळूहळू खाली सरकत गेलं, शेवटच्या नावापर्यंत. रांगेतले लोक माना उंचावून वाट बघत राहिले.

"वाच की," सर मागून म्हणाले. चष्म्याशिवाय त्यांना पडदा दिसत नव्हता, पण छाती अभिमानाने फुगली होती. "सगळ्यात वर मीच असेन. खाली आमची चौदा जणं. शिकवून शिकवून दमलो गं त्यांना. एक जण तर पाचावर बोट ठेवून बसला होता. म्हटलं, अरे, पाचवा नंबर काय देतोस, माझी पोरगी एक नंबर आहे."