ग्रहणातलं अजिंक्यपद

हरीशनं अंगातला कोट काढायच्या आधी बॅग उघडली, लाल 'बी' असलेली निळी टोपी बाहेर काढली आणि सरळ शशिधरच्या नातीच्या, उर्वीच्या डोक्यावर ठेवली.

"शहाऐंशी वर्षांनी!" तो म्हणाला. "शश्या, शहाऐंशी वर्षांनी चॅम्पियन झालो आम्ही!"

शशिधरच्या हातातली चकली मोडली. चकली मोडायचीच असते म्हणा. पण ही अशी मोडली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. खोटं वाटत असेल तर लीड्समध्ये कुणालाही विचारा.

दोघं पुण्याला एका बाकावर बसून डॉक्टर झाले. शशिधर लीड्सला आला, हरीश बॉस्टनला गेला. हरीशला तिथं मोठं हॉस्पिटल मिळालं, तळ्याकाठी घर मिळालं, तीन गाड्यांचं गॅरेज मिळालं, आणि पासष्टी आली तरी डोक्यावरचे केस होते तेवढे राहिले. देवानं शशिधरच्या वाट्याला एकच सुख ठेवलं होतं: हरीशच्या गावचा बेसबॉलचा संघ. ते रेड सॉक्स १९१८ साली जिंकले होते, त्यानंतर नाहीत. दर ऑक्टोबरला शशिधर बॉस्टनला फोन लावायचा आणि म्हणायचा, "यंदाही नाही ना रे? फार वाईट वाटलं." हे 'वाईट वाटलं' तो इतक्या आनंदानं म्हणायचा की अटलांटिकच्या तळातली केबल तापून आजूबाजूचे मासे शिजायचे.

"यंदा तुझा फोन नाही आला," हरीश म्हणाला.

"लाइन लागत नव्हती."

"सतरा दिवस?"

"लागत कशी नव्हती?" फराळाचं ताट घेऊन आलेली त्याची बायको नंदा म्हणाली. "रोज रात्री एजवेअरला स्वातीशी बोलताय की. लेकीला लागते, मित्राला लागत नाही होय?"

शशिधरनं चकलीचे तुकडे ताटाच्या कडेला नीट ओळीत लावले. "जिंकले, मान्य," तो म्हणाला. "पण कधी जिंकले ते बघ. त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. ग्रहणात मिळवलेलं धरत नाहीत."



"अहो," नंदा म्हणाली, "माझ्या सासूबाई ग्रहणात पाण्याचा थेंब न घेता जप करत बसायच्या, आणि तुम्ही मुद्दाम त्यांच्यासमोर ऑम्लेट खायचात!"

"ते खाण्याचं झालं. जिंकण्याचं शास्त्र वेगळं."

हरीश खो खो हसला. नऊ वर्षांच्या उर्वीनं टोपी डोळ्यांवरून वर सारली. दिवाळीच्या पाडव्यासाठी ती आजीआजोबांकडे राहायला आली होती.

"हरीशआजोबा, पण एटी-सिक्स इयर्स कसा हरला तुमचा टीम?"

"म्हणजे... हरले ना," हरीश म्हणाला. "खूपदा हरले."

"पण कसा?"

हरीशनं चहाचा घोट घेतला. मग दुसरा घेतला. मग खिडकीबाहेरच्या लॉनकडे पाहिलं.

शशिधरला ते बघवेना. "त्याला काय विचारतेस? इकडं बस," तो म्हणाला. "सेहेचाळीस साल. सात मॅचची फायनल. सातवी मॅच, हरले. सदुसष्ट, सातवी मॅच, हरले. पंच्याहत्तर, परत सातवी, परत हरले!" त्यानं ताटातले चार लाडू उचलून टेबलावर मैदानासारखे चौकोनात मांडले. "आणि शहाऐंशी. हे बघ, सहावी मॅच. एक स्ट्राइक पडला, म्हणजे समोरच्याचा एक फटका हुकला, की अजिंक्य. एकच! त्याच मॅचमध्ये शेवटी एक अगदी साधा चेंडू घरंगळत आला, तुलासुद्धा अडवता आला असता, आणि तो आमच्या माणसाच्या दोन पायांमधून असा..."

लाडू घरंगळत टेबलाखाली गेला. तो उचलायला कुणी वाकलं नाही. नंदा चहाचा ट्रे हातात धरून उभीच राहिली होती.

"आणि यंदा?" उर्वीनं विचारलं.

"यंदा सेमीफायनलला न्यूयॉर्कवाल्यांनी पहिल्या तिन्ही मॅच घेतल्या. संपलं, म्हटलं. तिथून ओळीनं चार! बेसबॉलमध्ये असं कुणी केलं नव्हतं गं आजवर. मग फायनलच्याही चारच्या चार..."  शशिधर घटाघटा पाणी प्यायला.

"तुम्ही बघितला सगळा?"

"कॉम्प्युटरवर स्कोअर वाचला. चौदा रात्री." मग त्यानं घाईघाईनं भर घातली, "हरतील म्हणून."

उर्वीनं हरीशकडे पाहिलं. आजोबांकडे पाहिलं. डोक्यावरची टोपी काढली आणि शशिधरच्या टकलावर ठेवली. ती अशी बसली की जणू माप घेऊन शिवली होती.

"अरे, मी तर एक मॅचसुद्धा बघितली नाही कधी," हरीश हसत म्हणाला. "कुणाला वेळ होता! तुझा फोन आला की कळायचं, हरले. यंदा आला नाही, म्हणून पोस्टमनला विचारलं."

 उर्वी आजोबांच्या खुर्चीच्या हातावर चढून बसली होती. "सदुसष्टचा परत सांगा," ती म्हणाली.

हरीशनं हात पुढं केला. "शश्या, तुला घट्ट होतेय टोपी. दे इकडं."

"नाही होत."

"आणि ग्रहणाचं काय झालं?" नंदानं विचारलं.

शशिधरनं टोपीचा पुढचा भाग खाली ओढला. "ग्रहणात केलेला जप शंभरपटीनं फळतो," तो म्हणाला. "आई सांगायची."

हरीशचा हात टेबलावर तसाच राहिला होता. थोड्या वेळानं तो ताटाकडे वळला, त्यानं एक चकली उचलली.

शेजारचं कुत्रं पुन्हा भुंकायला लागलं.